वाट वाकडी करून पाहावीत अशी स्थळे

मालवण परिसरात देवदर्शनास येणारे भाविक सकाळी दर्शन आटोपतात, दुपारी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात जाऊन येतात, सायंकाळी तारकर्लीची पुळण गाठतात आणि रात्रीच परतीच्या प्रवासाला लागतात. या घाईत वाटेवरची लहान लहान स्थळे पाहावयाची राहून जातात. तेथे ना कमान, ना रांग. त्यामुळे ती तेथे आहेत हेच पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कोकणात ग्रामदेवतेबरोबरच गावच्या सीमेवरील राखणदारालाही मान देण्याची रीत आहे. प्रवासातही मोठ्या स्थळाबरोबर लहान स्थळाचा असाच मान राखला, तर यात्रा अधिक फलदायी होते.

मोरयाचा धोंडा

मालवणच्या किनाऱ्यावर किल्ल्याच्या समोर एका खडकावर गणेश, शिवलिंग, सूर्य, चंद्र व पादुका कोरलेल्या आहेत. लोक त्यास 'मोरयाचा धोंडा' म्हणतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी येथे पूजन करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याच्या बांधकामाचा प्रारंभ केला. सुमारे ४८ एकरांच्या बेटावरील तो जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेशा'तील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. ज्या खडकापाशी त्याचा आरंभ झाला, तेथे मात्र थांबणारे थोडेच. होडीत बसण्यापूर्वी येथे घटकाभर उभे राहावे. धोंडा व त्यामागे समुद्रात दिसणारा तट एकाच दृष्टिक्षेपात पाहिला, की किल्ल्याचा इतिहास निराळ्या रीतीने समजतो.

किल्ल्यातील माड

किल्ल्यात महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा, श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आणि चहूकडे खारे पाणी असता गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी भाविक आवर्जून पाहतात. पूर्वी याच किल्ल्यात आणखी एक नवल होते. ते म्हणजे दोन फांद्यांचा माड. माडाची वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. तो कोंब दुखावला तर माड सहसा मरतो. क्वचितच त्यातून दोन शेंडे फुटतात. म्हणूनच हा माड पाहण्यास लोक दुरून येत. पुढे विजेच्या आघाताने त्याचे ते रूप राहिले नाही. ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या बोलण्यातच आता तो उरला आहे.

माणसाने उभारलेल्या वास्तूंचेही असेच असते. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तेथे उभारलेल्या नव्या पुतळ्याचे पूजन ११ मे २०२५ रोजी झाले. उभारणे जितके महत्त्वाचे, तितकेच राखणेही महत्त्वाचे, हा बोध भाविकांनी येथून घ्यावा.

धामापूरचा तलाव

मालवणहून कुडाळकडे जाताना धामापूर लागते. दोन डोंगरांमध्ये बांध घालून हा तलाव इ. स. १५३० मध्ये नागेश देसाई यांनी बांधविला, असे सांगितले जाते. काठावर श्रीभगवती देवीचे मंदिर असून पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये या तलावास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तलाव पाहण्यापुरता न राहता आजही शेतीच्या उपयोगी पडतो, हेच त्याचे मोठेपण. येथे निर्माल्य, साबण वा प्लास्टिक पाण्यात जाऊ देऊ नये.

पिंगुळीचा गोठा

कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाच्या कलावंतांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले आहे. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या तेथे पाहावयास मिळतात. एकेक चित्र समोर धरून गाण्याच्या चालीवर रामायण-महाभारतातील कथा सांगणे म्हणजे चित्रकथी. ही कला जतन केल्याबद्दल श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. केवळ चित्रे पाहून बाहेर पडू नये. शक्य असल्यास बसून एक आख्यान पूर्ण ऐकावे व कलावंतांस यथोचित बिदागी द्यावी. पोथी कपाटात टिकते. कथा मात्र ऐकणारा असेल तरच टिकते.

कुडोपीचा सडा

मालवण तालुक्यातीलच कुडोपी येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर मनुष्याकृती व अन्य आकृती कोरलेल्या आहेत. अशा प्राचीन कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. त्यात कुडोपीही आहे. ही चित्रे उभ्या भिंतीवर नसून पायाखालच्या कातळावर आहेत. त्यामुळे न पाहता टाकलेले पाऊल किंवा सड्यावर आणलेले वाहन त्यांची झीज करते. गावातील जाणकारास सोबत घ्यावे, कडेकडेने चालावे आणि रेषा उठावदार दिसाव्यात म्हणून त्यांत खडू वा रंग भरू नये.

भाविकांस विनंती

पावसाळ्यात किल्ल्याची होडीसेवा बंद असते. उधाण व वाऱ्याविषयी बंदरावर चौकशी करूनच निघावे. एका दिवसात सर्व स्थळे पाहण्याचा आग्रह धरू नये. दर्शनानंतर एखादेच स्थळ निवडावे व तेथे निवांत थांबावे. मोरयाच्या धोंड्यासारख्या उघड्या शिल्पावर तेल ओतू नये, नाणी घासू नयेत, नाव कोरू नये. दुरून जोडलेले हात पुरेसे आहेत. या स्थळांवर पहारेकरी नाहीत. तेथे येणाऱ्या प्रत्येकानेच काही काळ त्यांचे राखणदार व्हावे, एवढीच अपेक्षा.