जंतूतलं काय काढायचं, काय ठेवायचं

चि. मुक्ता,

पीएचडीसाठी कर्करोगाची इम्युनोथेरपी घ्यावी की जंतूंचा मारकपणा, हा तुझा प्रश्न. माझ्या मते तो एकच विषय आहे, आणि त्याचे दोन तुकडे केले की दोन्हीकडे अर्धवट कळतं. जंतूचा मारकपणा जितका काढून टाकावा तितका तो औषध म्हणून चांगला, ही समजूत आधी सोड. काल्मेट आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं, पित्त आणि ग्लिसरीनमध्ये शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर २३० वेळा नव्यानं वाढवला. त्या ओघात त्याचा 'आरडी-१' हा जनुकांचा तुकडा गळून पडला आणि बीसीजी ही क्षयावरची लस तयार झाली. पुढे संशोधकांनी तो तुकडा बीसीजीत परत घातला, तेव्हा उंदरांमध्ये तिची मारकता वाढली आणि क्षयापासूनचं संरक्षणही वाढलं! उलट बाजूही पाहा. साल्मोनेला या जंतूला दुर्बळ करण्यासाठी त्याची जनुकं काढून 'व्हीएनपी-२०००९' हा वाण केला, उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठींवर तो छान चालला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र २५ रुग्णांपैकी एकाचीही गाठ आटली नाही. म्हणून उंदरांचे आलेख पाहून हुरळून जाऊ नकोस. आणि प्रत्येक जनुकाबद्दल विचार, हे शरीराला इजा करतं, त्याच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, की दोन्ही?

तू म्हणशील, चेकपॉइंट औषधं आल्यावर जंतूंचा हा जुना खटाटोप कशाला? अ‍ॅलिसन आणि होंजो यांना त्यामागच्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालं ते योग्यच. पण ही औषधं टी-पेशींवरचा, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशींवरचा, ब्रेक काढतात. गाठीत टी-पेशी शिरल्याच नसतील तर ब्रेक काढून काय उपयोग? त्यांना तिथे बोलावण्याचं काम जंतू करू शकतात. १९७६ मध्ये डॉ. मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीवाटे, दर आठवड्याला एकदा अशी सहा आठवडे बीसीजी सोडल्याचं प्रसिद्ध केलं. स्नायूत न शिरलेल्या, पण उलटण्याची भीती असलेल्या कर्करोगावर आजही सुरुवात तशीच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिवंत जंतू धोक्याचा. खराच आहे. १८९१ पासून डॉ. कोलींनी न्यूयॉर्कमध्ये सार्कोमावर जिवंत स्ट्रेप्टोकॉकस टोचले, काही रुग्ण त्या संसर्गानंच दगावले, आणि कोलींना मारलेल्या जंतूंकडे वळावं लागलं. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेकला बीसीजीत क्षयाचे मारक जंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक बाळं गेली. मूत्राशयात नळी घालताना जखम झाली तर बीसीजी आजही रक्तात उतरू शकते, म्हणून तेव्हा ती देत नाहीत. पण या धोक्यावरचा उपाय मारकपणाकडे पाठ फिरवणं हा नव्हे. मारकपणा नेमका कळल्याशिवाय सुरक्षित वाण बनणारच नाही.

तेव्हा विषयाच्या नावावर अडू नकोस. जंतुशास्त्राच्या आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या, दोन्ही प्रयोगशाळांत तुला हातानं काम करू देईल असा गाइड शोध, आणि अर्ज भरण्याआधी त्यांना हे स्पष्ट विचारून घे.

तुझी,
मावशी