हाडांचे इंजेक्शन: झोलेड्रॉनिक की डेनोसुमॅब?

कॅन्सर हाडांत पसरला की हाड मोडणे, मज्जारज्जूवर दाब येणे, हाडावर रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया करावी लागणे, अशी संकटे येतात. ती टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही दोन औषधे मुख्यतः दिली जातात. दोन्ही गुणकारी आहेत. आपल्या माणसाला कोणते मानवेल, हे डॉक्टरांसोबत बसून पुढील क्रमाने ठरवा.

हाताशी ठेवा: क्रिएटिनिन, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचे ताजे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी.

१. आधी किडनी पाहा. क्रिएटिनिनवरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते याचा अंदाज, मिलि/मिनिट) ६० किंवा त्याखाली असेल, तर झोलेड्रॉनिकचा डोस कमी करतात. ३० च्या खाली ते सहसा देत नाहीत. डेनोसुमॅबचा डोस किडनीमुळे बदलत नाही.

२. मग कॅल्शियम. ते कमी असेल तर आधी भरून काढा. डेनोसुमॅबने ते जास्त घसरते. किडनी कमजोर असल्यास धोका आणखी वाढतो. हातापायांना मुंग्या किंवा पेटके आले, तर लगेच कळवा.

३. दात तपासून घ्या. दोन्ही औषधांनी क्वचित जबड्याचे हाड मरते. दात काढायचा असेल तर आधी काढा, जखम भरू द्या, मगच इंजेक्शन सुरू करा.

४. फायदा तोला. प्रोस्टेट कॅन्सरच्या २०११ मधील चाचणीत हाडाचे पहिले संकट येईपर्यंतचा मध्यक काळ डेनोसुमॅबने २०.७ महिने, झोलेड्रॉनिकने १७.१ महिने होता. आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही.

५. फेऱ्या आणि खर्च मांडा. झोलेड्रॉनिक ४ मिलिग्रॅम शिरेतून, किमान १५ मिनिटांत देतात; पहिल्या डोसनंतर ताप, अंगदुखी होऊ शकते. अनेकांना ते दर १२ आठवड्यांनी देऊनही चालते आणि जेनेरिक स्वस्त पडते. डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम त्वचेखाली, दर ४ आठवड्यांनी. एका डोसची नव्हे, वर्षाची बेरीज विचारा.

६. लेबल वाचा. डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे, सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन हाडांच्या ठिसूळपणासाठी असते. गल्लत करू नका.

७. मनाने थांबवू नका. डेनोसुमॅब बंद केल्यावर मणके मोडू शकतात. पुढे काय द्यायचे, हे आधीच ठरवून घ्या.

औषध कोणतेही असो, पायांतली शक्ती अचानक कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.