चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या माधुरी पुरंदरे

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडीसारख्या एखाद्या गावात, बालवाडीत बसलेल्या चार वर्षांच्या मुलापुढे चित्रांचे पुस्तक उघडून ठेवावे. त्याला अक्षरओळख नसते. तरीही चित्रावर बोट टेकून ते सांगू लागते, "ही आजी. चुलीपाशी बसलीय. तिला धूर लागतोय." हेही वाचनच होय. लहान मुलांच्या या वाचनाचा मान ज्यांनी मराठीत राखला, त्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

त्यांचा जन्म 1952 साली झाला. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे हे त्यांचे वडील. मातुःश्री निर्मलाताई यांनी 'वनस्थळी' ही संस्था स्थापून खेड्यापाड्यांतील स्त्रियांना बालवाडी चालविण्याचे शिक्षण दिले. माधुरीताईंनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे फ्रान्समध्ये कलेचे शिक्षण घेतले, पुण्यात फ्रेंच भाषा शिकविली आणि पिकासो या चित्रकाराचे चरित्र मराठीत लिहिले.

वडिलांनी गडकोटांच्या कथा सांगितल्या. कन्येने मात्र साधे घर निवडले. 'राधाचं घर' या पुस्तकांत राजा नाही, राक्षस नाही. राधा नावाची लहान मुलगी आपल्या घरातील माणसांविषयी सांगते, इतकेच. पण घरातील माणसे न्याहाळणे हे राक्षस मारण्याहून सोपे असते असे नाही!

येथे चित्रकाराचे खरे काम दिसते. 'आई दमली' असे वाक्य लिहिले, की मुलाला शोधावयास काही उरत नाही. तेच आईच्या वाकलेल्या पाठीतून आणि कपाळावर आलेल्या केसांतून दाखविले, तर ओळखण्याचे काम मुलाकडे येते. लेखक एक आणि चित्रकार दुसरा असला, म्हणजे पुष्कळदा चित्र हे वाक्याचीच पुनरुक्ती करते. माधुरीताई लिहितातही आणि चितारतातही. म्हणून कोणती गोष्ट शब्दांनी सांगावी आणि कोणती रेषेवर सोपवावी, हे त्यांना ठरविता येते.

कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने 1658 साली मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले होते. त्यातील चित्रे शब्द शिकविण्यासाठी होती. माधुरीताईंच्या 'चित्रवाचन' या पुस्तकात चित्रच बोलते, आणि गोष्ट सांगावयाची ती मुलाने. घरी जी बोली असेल, तीत ती सांगता येते. तेथे कोणाचे शुद्धलेखन चुकत नाही, आणि पुस्तकी भाषेला बुजणाऱ्या मुलाचीही जीभ मोकळी होते.

2014 साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. 2016 साली बिग लिटल बुक पुरस्कारही त्यांना मिळाला. त्या पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष होते.

तुमच्या वयाच्या मुलांसाठी त्यांनी 'वाचू आनंदे' या ग्रंथांचे संपादन केले आहे. त्यांत निवडक मराठी उताऱ्यांच्या जोडीने चित्रेही आहेत. शाळेच्या ग्रंथालयात ते असतील, तर उतारा वाचण्यापूर्वी त्याच्या शेजारचे चित्र घटकाभर पाहावे आणि त्यात काय चालले आहे, ते शेजारच्या मित्राला सांगावे.