अंगावर काढलं, ते अंगाशी आलं

गौरी जेवायच्या दिवशी अडचण नको म्हणून मी दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायचे. डॉक्टरची चिठ्ठी कधी कुणी मागितली नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. त्या वर्षी गौरी गेल्या, गोळ्या थांबल्या आणि चौथ्या दिवशी फळ्यावर गणित लिहिता लिहिता माझी साडी मागून भिजली. सहावीतली एक मुलगी उठली, काही न बोलता तिने आपली ओढणी माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. त्रास सुरू होऊन तोवर तीन वर्षं झाली होती.

ती तीन वर्षं मी गडद रंगाच्या साड्या, पर्समध्ये जादा परकर आणि गादीवर मेणकापड यांच्या जोरावर काढली. जिना चढताना धाप लागायची, ती वयाच्या खात्यावर टाकली. "चाळिशीनंतर असंच जातं गं अंगावरून," असं सासूबाईंपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. पाळीत गाठी पडत असतील, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, पाळी आठवड्याहून जास्त चालत असेल, तर ते 'असंच' नसतं. हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सोनोग्राफीत गर्भाशयात चार गाठी निघाल्या. चौथ्या महिन्यातल्या बाईचं असावं एवढं गर्भाशय झालं होतं. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला न पाहिला आणि म्हणाले, "मुलं मोठी झालीत ना? मग पिशवी ठेवून करायचंय काय? परवा ॲडमिट व्हा." मी झालेही असते. पण माझी धाकटी जाऊ सिस्टर आहे. ती म्हणाली, "ताई, फाईल घ्या, दुसरीकडे दाखवू. परवापर्यंत काही पळून जात नाही."

तिचं ऐकलं ते बरं झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांचं प्रकरण आपण २०१९ मध्ये पेपरात वाचलं होतं. तेव्हाच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सगळ्या राज्यांना सांगितलं. हे सगळं वाचताना मला ते दुसऱ्या कुणाचं तरी दुःख वाटलं होतं. चार भिंतींतली, पगारदार, शिकलेली मीसुद्धा 'परवा या' म्हटल्यावर बॅग भरायला निघाले होते.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. जास्त रक्तस्राव म्हणजे लगेच पिशवी काढणं नव्हे. गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असतं, नुसत्या गाठी काढता येतात, गाठींचा रक्तपुरवठा बंद करता येतो. माझ्या गाठी चार ठिकाणी होत्या आणि पिशवीची आतली पोकळी वेडीवाकडी झाली होती, त्यामुळे माझ्या बाबतीत पिशवी काढणंच सोयीचं होतं. मात्र त्याआधी त्यांनी आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला आणि गर्भाशयाच्या मुखाची पॅप तपासणी केली. कर्करोग नाही याची खात्री झाल्यावरच तारखेचा विषय निघाला.

तारीख तरीही मिळाली नाही. हिमोग्लोबिन ६.८ होतं. "एवढ्या रक्तावर कुठला भूलतज्ज्ञ तुम्हाला टेबलावर घेईल?" डॉक्टर म्हणाले. मी खजूर, बीट, पालक सगळं खात होते, पण गळक्या हंड्यात वाटीने पाणी घालावं तसं ते चाललं होतं. आधी रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या आणि शिरेतून लोह, असे दोन महिने गेले. मी वेळीच डॉक्टरांकडे गेले असते तर साध्या लोहाच्या गोळ्यांवर भागलं असतं. त्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाने लोह नीट अंगी लागत नाही.

त्या दोन महिन्यांत मी वहीत प्रश्न लिहून काढले. सगळ्यात मोलाचा ठरला तो अंडाशयांचा. "पिशवी काढली" म्हणताना आपण नेमकं काय काय काढलं हे विचारतच नाही. अंडाशय काढली तर पाळी जायचं वय एका रात्रीत येतं: अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडांची झीज, हृदयाचा धोका. ती निरोगी असतील तर या वयात सहसा ठेवतात. आमचं ठरलं, अंडाशय ठेवायची, बीजवाहक नळ्या काढायच्या, कारण अंडाशयाचे काही कर्करोग नळ्यांतच सुरू होतात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नऊ वाजता संमतीपत्र आलं. छापील, इंग्रजी, बारीक अक्षरांचं. "इथे सही करा," एवढंच सांगितलं गेलं. मी पेन टेकवणार तेवढ्यात जावेने कागद ओढून घेतला. त्यात 'दोन्ही अंडाशयांसह' असं छापलेलं होतं. सगळ्यांना एकच फॉर्म देतात, असं उत्तर मिळालं. आम्ही डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सकाळी येऊन ती ओळ खोडली, शेजारी सही केली, मग मी केली. संमतीपत्र आदल्या दिवशी दुपारीच मागून घ्या आणि वाचायला जमत नसेल तर वाचून सांगायला लावा.

बारीकसारीक गोष्टीही आधी उरका. माझी जोडवी निघेनात, शेवटी थिएटरच्या दारात साबण लावून काढली. नेलपॉलिश घरीच पुसा. बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, चालू असेल तर काढासुद्धा, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. मेडिक्लेम असेल तर आधी वाचा. अनेक पॉलिसींत या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत.

ऑपरेशन पोट उघडून झालं, पाच दिवस राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने धरून चालवलं तेव्हा मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. पण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते चार पावलांचं चालणं औषधाइतकंच लागतं. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं. खोकला आला की पोटाशी उशी दाबायची. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "गॅस पास झाला का?" असं मोठ्याने विचारेल, त्याची लाज बाळगायची नाही.

घरी आल्यावर माझी बाळंतिणीसारखी बडदास्त सुरू झाली. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले. ते खाऊन पोट असं धरलं की टाक्यांपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला. या दिवसांत कुंथणं वाईट. ताक, पेज, पपई, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलं तर इसबगोल बरं.

दोन आठवड्यांत मला बरं वाटायला लागलं आणि तिथेच घात झाला. बाहेरचे टाके सुकले की आतलेही सुकले असं वाटतं. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. सतराव्या दिवशी पहाटे नळ आला, सगळे झोपलेले. एकच बादली, म्हणून उचलली. पंधरा लिटरची. दुपारी लालभडक रक्त दिसलं. कुणाला बोलले नाही. उगाच सगळ्यांची धावपळ नको, सकाळी बघू, म्हणून पॅड लावून झोपले. पहाटे अंगात १०१ ताप होता.

आतल्या टाक्यांपाशी रक्त साठून त्यात जंतुसंसर्ग झाला होता. पुन्हा चार दिवस दवाखाना, सलाईन, अँटिबायोटिक. मी रडत विचारलं, "बादलीमुळेच ना?" डॉक्टर म्हणाले, "बादलीनेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण रक्त दिसल्यावर रात्रभर गप्प बसलात, ते मात्र नक्की चुकलं."

ते वाक्य मला तीन वर्षं मागे घेऊन गेलं. पिशवी काढली होती, पण अंगावर काढायची सवय तशीच होती.

म्हणून सांगते. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलू नका. भरलेला कुकर, पाण्याची कळशी आणि नातवंडंही त्यात आली. नवरा-बायकोचे संबंध सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट मागून घ्या आणि फाईलमध्ये ठेवा. थोडे दिवस उगाच रडू येईल, येऊ द्या; ते लांबलं तर डॉक्टरांना तेही सांगा. बाईपण पिशवीत नसतं, हे मला आता कुणी सांगावं लागत नाही.

आणि घरी यायच्या आधी दवाखान्याचा रात्रीचा फोन नंबर मागून कपाटाच्या दारावर चिकटवा. त्याखाली लिहा: लालभडक रक्त, ताप, घाण वासाचा स्राव, लघवी अडणं किंवा नकळत गळणं, एका पोटरीला सूज, धाप. यातलं एक जरी दिसलं तरी घरातल्याला उठवा आणि फोन करा. रात्रीचे दोन वाजले असतील तरी.