जेटचं भोक आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ



आठवीतली मुलं πr² पाठ म्हणतात. पण ‘व्यास ५ टक्के वाढला तर क्षेत्रफळ किती वाढेल?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर येतं, ‘५ टक्के!’ साकीनाक्यासारख्या भागात, जिथे कुणाचे बाबा किंवा काका गॅरेजमध्ये काम करतात, तिथे यावर छान साधन मिळतं: कार्बोरेटरचं टाकाऊ जेट.

जेट म्हणजे काय?
मधोमध बारीक भोक असलेला पितळी स्क्रू. इंजिनात किती पेट्रोल जाणार हे त्या भोकावर ठरतं. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घटतं. कमी पडलं की इंजिन तापतं.

मोजायचं कसं?
वर्नियरचे जबडे आत जात नाहीत. म्हणून ०.९५, १.००, १.०५ मिमी ड्रिलचे गुळगुळीत दांडे हलकेच घालून बघा. एक जातो, पुढचा अडतो. व्यास त्यांच्या दरम्यान. जोर लावू नका, पितळ मऊ असतं.

गणित
१.०० मिमी व्यास: ०.७८५ चौ. मिमी
१.०५ मिमी व्यास: ०.८६६ चौ. मिमी
व्यास ५ टक्के वाढला, क्षेत्रफळ मात्र १० टक्क्यांहून जास्त! म्हणूनच भोक ‘जरासं’ मोठं केलं तरी गाडी बिघडते आणि एकदा मोठं झालेलं भोक सहज लहान होत नाही.

प्रयोग
प्लॅस्टिक बाटलीचा तळ कापा. साबणाने धुतलेलं जेट झाकणात एम-सीलने बसवा आणि बाटली उलटी धरा. जेटच्या वर २० सेंमी पाणी कायम राहील असं वरून ओतत राहा. १०० मिली पाणी गोळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग दुसरं जेट लावा. भोकाच्या कडेची घडणही परिणाम करते, त्यामुळे उत्तर तंतोतंत जुळणार नाही. का, यावर मुलांना बोलू द्या.

सूचना: फक्त पाणी वापरा, पेट्रोल अजिबात नको. चालू गाडीचं जेट कोरू नका. धूर वाढतो, पीयूसीत अडकाल.

गृहपाठ: कचरा बसून १.०० मिमीचं भोक ०.९० मिमी झालं, तर क्षेत्रफळ किती टक्के घटेल? (उत्तर: १९)

जमल्यास एखाद्या मेकॅनिक पालकांना वर्गात बोलवा. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना जे कळतं, तेच आपण फळ्यावर मांडतोय, हे त्यांच्या मुलाला सगळ्यांसमोर कळू दे.