ब्रेकर पडतो म्हणून काढून टाकू नका

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाच्या माणसाने विजेवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण बेणे, लागण आणि खोडव्याच्या कामासाठी अंबड-घनसावंगी भागात फिरताना घरोघरी एकच तक्रार कानी येते : "साहेब, तो लिकेजचा ब्रेकर सारखा पडायचा. वायरमननं डायरेक्ट करून दिलं, आता कटकट नाही." कटकट गेली हे खरे, पण राखणदारही गेला.

ही चूक मीही केली आहे. घरी इन्व्हर्टर बसवला आणि संध्याकाळी दिवे लावले की ब्रेकर पडू लागला. मुलीचा अभ्यास खोळंबे. शेवटी मीच वायरमनला म्हणालो, "काढ बाबा तो." दोन महिन्यांनी, पावसाळ्यात, आमच्या मंडळींचा हात टाकीच्या मोटारीला लागला आणि त्या फेकल्या गेल्या. हात सुटला म्हणून वाचल्या. मोटारीची वायर सोलली होती.

हा ब्रेकर करतो काय? चारीच्या तोंडाशी जेवढे पाणी सोडले तेवढे शेवटी पोचले नाही, तर मध्ये कुठेतरी घुशीचे बीळ आहे हे आपण ओळखतो. तसेच हा ब्रेकर फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा असतो. तेवढा फरक पडला की क्षणात लाईन तोडतो. साधा एमसीबी हे काम करीत नाही. तो जादा लोड आणि शॉर्टसर्किटसाठी आहे. 16 अँपिअरच्या एमसीबीतून जाणाऱ्या करंटचा शंभरावा हिस्सासुद्धा माणसाचा जीव घेऊ शकतो.

मग तो उगीच का पडतो? माझ्या घरी दिव्यांची फेज ब्रेकरमधून जात होती, पण इन्व्हर्टर जोडताना त्यांची न्यूट्रल ब्रेकरच्या अलीकडे जोडली गेली होती. गेलेला करंट ब्रेकरमधून परत येतच नव्हता. 9 वॅटचा एक एलईडी बल्बसुद्धा 40 मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो. म्हणजे एक दिवा लागला की ब्रेकर पडणारच!

दुसरे कारण म्हणजे कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन अशी तीन पिनांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे. त्यांच्यातल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगकडे झिरपतच असतो. एकट्याचा पाझर किरकोळ, पण सगळ्यांची बेरीज होते. आणि 30 चा ब्रेकर 15 च्या वर कुठेही पडू शकतो.

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सैल जोडातली ठिणगी ओळखून आग टाळणारा वेगळा ब्रेकर निघाला. तिथल्या वीज संहितेने 1 जानेवारी 2002 पासून नव्या घरांच्या झोपायच्या खोल्यांना तो आवश्यक केला. त्यालाही काही उपकरणांचा खडबडीत करंट ठिणगीसारखा वाटे आणि तो विनाकारण पडे. त्यावर उपाय ब्रेकर सुधारण्याचा निघाला, तो काढून टाकण्याचा नव्हे.

आपण एवढे करावे :

1. ब्रेकर पडला की सगळे एमसीबी खाली करा, ब्रेकर वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवा. ज्या लाईनीवर पडेल तिथली उपकरणे काढून एकेक लावून पाहा.

2. एकाच उपकरणावर पडत असेल तर तो लिकेज खरा समजा. दुरुस्तीशिवाय ते वापरू नका.

3. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल, किंवा इन्व्हर्टर बसवल्यापासून पडत असेल, तर न्यूट्रल तपासून घ्या. हे काम जाणत्या वायरमनचे आहे.

4. उपकरणे जास्त असतील तर घराच्या लाईनी दोन ब्रेकरांवर विभागून घ्या.

5. ब्रेकरवरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा. ब्रेकर पडला नाही तर बदला. आणि ब्रेकर आहे म्हणून अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका.

माझ्या घरचा दोष शोधायला पुढे दुसऱ्या वायरमनला अर्धा तास लागला. तेवढ्या अर्ध्या तासाचा कंटाळा केला म्हणून घरचे माणूस जाता जाता राहिले. ज्यांनी लाईन डायरेक्ट करून घेतली असेल, त्यांनी ब्रेकर याच आठवड्यात परत बसवून घ्यावा. ऊस पुढच्या सालीही येईल.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी