आजीची बीपीची गोळी : बरं वाटलं तरी का घ्यायची?



चौथीच्या वर्गात हृदयाविषयी बोलत होते. एका मुलाने विचारलं, "बाई, माझी आजी म्हणते आता बरं वाटतंय, म्हणून तिने बीपीची गोळी बंद केली. चालतं ना?"

प्रश्न ऐकून मी चरकलेच. कारण माझ्या आईनेही हेच केलं होतं. पाय सुजतात म्हणून महिनाभर गोळी घेतली नाही, आणि आम्हाला सांगितलंही नाही. गणपतीच्या तोंडावर सहज बीपी मोजलं तर १९०/११०! आणि तिला त्रास? काहीच नाही. बीपी वाढलं तरी बहुतेकांना कळत नाही, आणि तोवर मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांचं नुकसान होत राहतं. म्हणून 'बरं वाटतंय' हे गोळी बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. बरं आहे ते गोळीमुळेही असू शकतं.

गोळी काम कशी करते?

मुलांना मी बागेतल्या पंपाचं उदाहरण दिलं. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. पाइपमधला दाब कमी करायचा तर काय कराल? मुलांनीच तीन उपाय सांगितले. औषधंही साधारण तसंच करतात.

१. पाणी कमी करा : क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्या जादा मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून लघवीला जास्त होतं. कधी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम कमी होऊन थकवा येतो, पायात गोळे येतात.

२. पाइप रुंद करा : अ‍ॅम्लोडिपिनमुळे रक्तवाहिन्या सैल होतात. काहींच्या घोट्यांना सूज येते. आईला तेच झालं होतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनाला अडवतात. रामिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. या दोन्ही गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, आणि गरोदरपणात त्या चालत नाहीत.

३. पंप हळू चालवा : मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल हृदयाचे ठोके कमी करतात. थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. या गोळ्या एकदम बंद करणं तर धोक्याचंच. छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

"त्यापेक्षा झाडपाल्याचं औषध बरं!"

हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्यासाठी सर्पगंधेची गोष्ट सांगते. ही वनस्पती सह्याद्रीच्या जंगलातही सापडते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिच्या मुळांचा उपयोग उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तपासला आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले. पुढे १९५२ मध्ये त्या मुळांतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. जगभर ते वापरलं गेलं आणि डॉ. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. पण या औषधानेही नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काही रुग्णांना तर खोल नैराश्य यायचं. पुढे अधिक सोयीची औषधं आली आणि ते मागे पडलं. सांगायचं काय, तर जे औषध शरीरात काही काम करतं, त्याचे दुष्परिणामही असू शकतात. मग ते मुळीतून येवो की कारखान्यातून.

मग त्रास झाला तर?

गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आईची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. सूज उतरली आणि बीपीही आटोक्यात आलं. एवढंच काम होतं! मात्र ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडले, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

घरचा अभ्यास (या वेळी मोठ्यांसाठी!)

- घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवा.
- बीपी मोजून तारखेसह लिहा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसू द्या. पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसायचं. गोळीमुळे उठताना चक्कर येऊ शकते.
- गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं.
- दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा. आपल्या कोकणात सुकी मासळी, पापड, लोणचं आणि कोकमाचं आगळ यांतलं मीठ मोजायचं राहूनच जातं!

पालकसभेला त्या मुलाची आई आली, तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "बाई, आम्हाला वाटलं गोळी सुटली म्हणजे आजार गेला." हा गैरसमज कितीतरी घरांत असेल. आज संध्याकाळी तुमच्या घरीही एकदा विचारून बघा, "आजी, गोळी घेतलीस ना?"